राव-ब्लॅकवेलमधले ब्लॅकवेल

पाटीपेन्सिल

गेल्या आठवड्यात भाचा घरी आला होता. हिंजवडीत नोकरी, आणि तोंडात सारखं 'ब्लॅकवेल आले', 'ब्लॅकवेल मिळत नाहीत'. मला वाटलं, ऑफिसात कोणी नवे साहेब आलेत. मग कळलं की ते एनव्हिडियाच्या चिपांचं नाव, २०२४ च्या मार्चमध्ये जाहीर झालेलं. म्हटलं, अरे, हे कोणाचं नाव आहे माहीत आहे का? तो नाही म्हणाला, आणि मग मीही गप्प बसले. एमएस्सीला संख्याशास्त्रातल्या राव-ब्लॅकवेल थिअरमची सिद्धता 'हमखास येते' म्हणून पाठ केली होती. रावांबद्दल चार गोष्टी ऐकून होते. ब्लॅकवेलांबद्दल एकही नाही. डोळ्यांपुढे आपला कोणीतरी पाइप ओढणारा गोरा इंग्रज.

डेव्हिड ब्लॅकवेल अमेरिकन होते आणि कृष्णवर्णीय होते. तेव्हापासून रोज रात्री जेवणं आटोपली की त्यांच्याबद्दल वाचतेय. जे हाती लागलं ते इथे लिहिते. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तर कान धरावा.

जन्म २४ एप्रिल १९१९, इलिनॉय राज्यातलं सेंट्रेलिया हे रेल्वेचं गाव. वडील इलिनॉय सेंट्रल रेल्वेत कामाला, चार भावंडांत हे थोरले. शाळेत जीव रमला तो भूमितीत. का, तेही त्यांनी पुढे सांगून ठेवलंय: एखादं प्रमेय अगदी गूढ वाटत असतं, कोणीतरी एक मदतीची रेघ ओढतं आणि सगळं लख्ख दिसायला लागतं. हे वाचून मला एकदम आठवीची वही आठवली. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता! बाकी तिन्ही कोणालाही लिहिता येतात. खरा प्राण त्या 'रचना'मध्ये. ही रेघ ओढावी हे सुचलं कसं, ते पुस्तक कधीच सांगत नाही. आता त्यांचं काम चाळताना वाटतं की हा माणूस आयुष्यभर ती रेघच शोधत राहिला.

सोळाव्या वर्षी इलिनॉय विद्यापीठात. इरादा प्राथमिक शाळेत मास्तर होण्याचा. वडिलांच्या ओळखीतून नोकरीही जवळपास ठरलेली. वडील आपल्या शिक्षणासाठी कर्ज काढताहेत हे कळल्यावर त्यांनी पैसे घेणं बंद केलं आणि भांडी घासून, वेटरचं काम करून, कीटकशास्त्राच्या प्रयोगशाळेतली उपकरणं धुऊन शिक्षण केलं. मास्तरकी लांबत गेली. १९३८ ला बीए, १९३९ ला एमए, १९४१ ला पीएचडी. वय वर्षं २२, विषय मार्कोव्ह साखळ्या (पुढे काय होणार हे फक्त आत्ताच्या स्थितीवर अवलंबून, अशा योगायोगाच्या मालिका), मार्गदर्शक जोसेफ डूब. डूब म्हणजे संभाव्यताशास्त्रातलं केवढं नाव, हे इथल्या निम्म्यांना सांगायला नको आणि उरलेल्यांना सांगून उपयोग नाही.

त्यातलीच एक गोष्ट. फेलोशिपची वाट पाहत असताना एक सहाध्यायी म्हणाला, तुला मिळणारच. का? तर तू इतका हुशार आहेस की पैसे द्यावेच लागतील, आणि तुला वर्गात शिकवायला तर ते उभं करणार नाहीत. मग उरली फेलोशिप. ब्लॅकवेलांना याची गंमत वाटली होती, कारण पैसे तेवढेच आणि शिकवण्याचं काम नाही. मला गंमत वाटली नाही. याच माणसाच्या हाताखाली पुढे साठाहून अधिक जण पीएचडी झाले.

पीएचडीनंतर एक वर्ष प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर अॅडव्हान्स्ड स्टडीमध्ये. तिथे येणाऱ्यांना शेजारच्या प्रिन्स्टन विद्यापीठाचं मानद सदस्यत्व देण्याची रीत होती. यांच्या वेळी विद्यापीठाच्या अध्यक्षांनी संस्थेच्या संचालकांना लिहिलं की तुम्ही आमच्या पाहुणचाराचा गैरफायदा घेताय. हे ब्लॅकवेलांना पुष्कळ नंतर कळलं.

मग नोकरी. शंभराच्या वर अर्ज केले, सगळेच्या सगळे कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांना. १९४२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठासाठी संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमन यांनी मुलाखत घेतली होती, त्यांना हा मुलगा हवाही होता. पण गणित विभागाच्या प्रमुखांकडे विभागातल्या मंडळींना घरी जेवायला बोलवायची पद्धत होती, आणि त्यांच्या बायकोने सांगून टाकलं की असला माणूस माझ्या घरात नको. संपलं. बॅटन रूज, अटलांटा अशी एकेक वर्षं काढून १९४४ मध्ये ते वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात आले. दहा वर्षं तिथे होते, १९४७ पासून विभागप्रमुख. शिकवण्याचा बोजा प्रचंड, आणि ज्यामुळे आपण त्यांचं नाव घेतो ते बरंचसं काम याच दहा वर्षांतलं.

आणि ऐका, तोवर त्यांना संख्याशास्त्र येतच नव्हतं! १९४५ मध्ये वॉशिंग्टनला एब गिर्शिक या संख्याशास्त्रज्ञाच्या व्याख्यानाला जाऊन बसले. गिर्शिकनी वाल्डचं समीकरण सांगितलं, किती आकडे मिळवायचे हे आधी ठरलेलं नसताना त्यांच्या बेरजेची सरासरी सांगणारं. ब्लॅकवेलना ते पटेना. घरी येऊन त्याविरुद्ध उदाहरण रचलं आणि टपालाने पाठवून दिलं. उदाहरण चुकीचं निघालं. गिर्शिकनी चूक दाखवून पत्र संपवलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. त्यांनी जेवायला बोलावलं. दोघांनी मिळून १९५४ मध्ये खेळांचा सिद्धांत आणि संख्याशास्त्रीय निर्णय यांवरचं पुस्तक लिहिलं.

उशीर झाला, उरलेलं उद्या.

ताकभात

वाचनखूण साठवली. गणित पाचवीत सुटलं, पण भांडी घासण्यापर्यंत सगळं समजलं.

शून्यवजाएक

भाच्याच्या बाजूने दोन शब्द. एनव्हिडियाची ही जुनी सवय आहे: टुरिंग, अँपिअर, हॉपर, लव्हलेस. आम्ही ही नावं उच्चारतो तेव्हा डोक्यात माणूस नसतो, वॅट असतात. ब्लॅकवेल म्हणजे संख्याशास्त्रज्ञ हे मला आज कळलं. लाज वाटली असं नाही, पण बरं वाटलं.

पण एक प्रश्न. मूळ थिअरम काय आहे, हे कोणी माणसांच्या भाषेत सांगेल का?

चिकूचं झाड

सांगतो. तेहतीस वर्षं हेच शिकवलं, अजून हात शिवशिवतात.

समजा तुमचं किराणा दुकान आहे. गिऱ्हाइकं आपापली, एकमेकांशी संबंध न ठेवता येतात. एखादं मिनिट अगदी रिकामं जाण्याची शक्यता किती, याचा तुम्हाला अंदाज हवाय. दहा मिनिटं बसून मोजलंत. आता एक आळशी पद्धत: फक्त पहिलं मिनिट बघा. कोणी आलं नाही तर उत्तर १, आलं तर ०. मूर्खपणाचं वाटतं ना? पण हा अंदाज अनबायस्ड आहे. असे अनेक दिवस केलेत तर सरासरी बरोबर येते. फक्त एकेका दिवसाचं उत्तर कामाचं नाही.

आता दहा मिनिटांत एकूण २० गिऱ्हाइकं आली असं धरा. या प्रश्नापुरती सगळी माहिती त्या '२०' मध्ये आहे. कोण कोणत्या मिनिटाला आलं हा निव्वळ योगायोग. यालाच आम्ही सफिशियंट स्टॅटिस्टिक म्हणतो. मग आळशी पद्धतीलाच विचारा: एकूण २० आली हे माहीत असताना, पहिलं मिनिट रिकामं असण्याची शक्यता किती? प्रत्येक गिऱ्हाईक पहिलं मिनिट चुकवण्याची शक्यता ९/१०. विसाच्या वीस जणांनी ते चुकवायचं, म्हणजे ९/१० चा विसावा घात. सुमारे ०.१२. हे झालं सुधारलेलं उत्तर.

राव-ब्लॅकवेल एवढंच सांगतं की कुठलाही अनबायस्ड अंदाज घ्या, सफिशियंट माहितीवर त्याची अशी सरासरी काढा. नवा अंदाज अनबायस्डच राहतो आणि त्याची चलबिचल आधीपेक्षा वाढत तर नाहीच, बहुतेक वेळा कमी होते. योगायोगाचा कचरा चाळून टाकायचा. पाटीपेन्सिलताई, तुमची ती मदतीची रेघ इथे दिसते बघा. सिद्धता चार ओळींची आहे. सुचणं अवघड.

सी. आर. राव यांनी हे १९४५ मध्ये कलकत्त्याच्या गणित सोसायटीच्या बुलेटिनमध्ये छापलं, ब्लॅकवेल यांनी १९४७ मध्ये, स्वतंत्रपणे. एक कलकत्त्यात पंचविशीच्या आतला, दुसरा हॉवर्डमध्ये अठ्ठावीसचा. विद्यार्थी मला विचारायचे, सर, हे दोघं एकत्र काम करायचे का?

पाटीपेन्सिल

काका, दंडवत! हे तुम्ही आम्हाला शिकवलं असतं तर मी पाठ केलं नसतं.

रातकिडा

लेख छान, पण एक खटकलं. 'गंमत वाटली', 'पुष्कळ नंतर कळलं', आणि पुढच्या भागात बहुतेक 'त्यांनी कधी कडवटपणा ठेवला नाही' येईल. सोसलेल्या माणसाने तक्रार केली नाही ही गोष्ट सांगायला आपल्याला फार आवडतं. आपल्याकडेही हेच चालतं. तक्रार न करणारा माणूस सगळ्यांच्याच सोयीचा.

पाटीपेन्सिल

रातकिडा, ते वाक्य मसुद्यात होतं. खोडलं.

वंशभेदाने मला फारसा त्रास झाला नाही अशा अर्थाचं ते स्वतः बोललेत, हे खरं. पण त्यांचं बोलणं एकीकडे ठेवून ते शंभरावर अर्ज बघा. डूबचा विद्यार्थी, प्रिन्स्टनहून आलेला, आणि गोऱ्यांच्या एकाही विद्यापीठात स्वतःहून अर्ज नाही. कोणी नकार दिला म्हणून नव्हे. तिथे आपली नोकरी असेल हे मनातच आलं नाही. दार इतकं पक्कं बंद होतं की ते दार आहे हेच दिसू नये. मला हे त्या जेवणाच्या किश्शापेक्षा जास्त टोचलं.

मात्र त्यांना फक्त सोसलेला माणूस करून टाकायलाही माझी तयारी नाही. त्यांना स्वतःला ते आवडलं नसतं असं वाटतं.

आता पुढचं.

१९५४ मध्ये नेमननी पुन्हा बोलावलं. आधी पाहुणे म्हणून, मग १९५५ मध्ये बर्कलीत संख्याशास्त्राचा वेगळा विभाग निघाला तिथे पूर्ण प्राध्यापक. १९५७ ते १९६१ विभागप्रमुखही. बर्कलीत कायम पद मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय प्राध्यापक. १९६५ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अॅकॅडमी ऑफ सायन्सेसवर निवड, तिथेही पहिले. पुरस्कारांची यादी देत नाही, लांब आहे.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट रँड कॉर्पोरेशनमधली. १९४८ ते १९५० च्या उन्हाळ्यांत ते तिथे जायचे. लष्करासाठी विचार करणारी संस्था, शीतयुद्धाचे दिवस. एका अर्थतज्ज्ञाने येऊन विचारलं, येत्या पाच वर्षांत मोठं युद्ध होण्याची संभाव्यता किती धरू? हवाई दलाचा पैसा कुठे किती लावायचा याची शिफारस करायची होती. ब्लॅकवेलांनी पुस्तकी उत्तर दिलं: संभाव्यता ही पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गोष्टींची असते, हे एकदाच घडणार किंवा घडणार नाही, तेव्हा उत्तर शून्य किंवा एक, आणि कोणतं ते पाच वर्षांनी कळेल. तो म्हणाला, तुम्ही असंच म्हणाल याची भीती होती. आणखी काही संख्याशास्त्रज्ञांना विचारलं, सगळ्यांनी हेच सांगितलं.

आपण त्याला खोटं काही सांगितलं नाही, पण त्याचा प्रश्न खरा होता आणि त्याला रिकाम्या हाताने परत पाठवलं, ही बोच राहिली. थोड्याच दिवसांत संख्याशास्त्रज्ञ जिमी सॅव्हेज भेटले, त्यांच्याशी बोलणं झालं आणि ब्लॅकवेल बेझियन झाले. म्हणजे संभाव्यता ही आपल्या खात्रीचं माप म्हणूनही वापरता येते, आणि नवी माहिती आली की ते माप बदलायचं, या पंथाचे. शिकवायचेही तसंच.

चिकूचं झाड

अवांतर, पण राहवत नाही. पुणे विद्यापीठात १९५३ मध्ये संख्याशास्त्र विभाग सुरू केला तो हुजूरबाजार सरांनी. मूळचे कोल्हापूरचे, आणि जन्म १९१९ चा, म्हणजे ब्लॅकवेलांच्याच वर्षीचा. केंब्रिजला हॅरल्ड जेफ्रीज यांच्याकडे शिकलेले. आणि जेफ्रीज म्हणजे बेझच्या बाजूचा बिनीचा शिलेदार! त्यामुळे जो पंथ ब्लॅकवेलांना रँडमध्ये वाटेत भेटला तो आमच्या सरांच्या घरचाच होता म्हणा ना.

शून्यवजाएक

रँडमध्ये द्वंद्वयुद्धांवर पण काम केलं होतं ना त्यांनी? कुठेतरी वाचलंय.

पाटीपेन्सिल

हो. गिर्शिक, ब्लॅकवेल आणि बाकीची मंडळी यात पार बुडाली होती. दोन माणसं पिस्तुलं घेऊन समोरासमोर चालत येतात, प्रत्येकाकडे एकच गोळी. लवकर झाडली तर नेम चुकणार, थांबलात तर समोरचा झाडणार. झाडायची कधी?

समजा सुरुवातीला नेम लागण्याची शक्यता शून्य, अगदी छातीला भिडल्यावर पक्की, आणि मधे ती सारख्या दराने वाढते. पिस्तूल आवाज करणारं असेल तर दोघांनीही नेम अर्धा-अर्धा होईल तिथे झाडावी. कारण तुमची चुकल्याचं समोरच्याला ऐकू आलं, तर तो सावकाश जवळ येऊन तुम्हाला उडवणार. आवाज न करणारं असेल तर गंमत वेगळी: एक तृतीयांश अंतर कापेपर्यंत झाडायचीच नाही, आणि त्यापुढे क्षण नशिबावर सोडायचा, समोरच्याला अंदाज येता कामा नये.

ताकभात

आमच्या घरी भांडण काढायची वेळ साधारण अशीच ठरते. आवाज करणारं पिस्तूल.

ओसरी

इथे बर्कलीतच राहतो. २०१८ मध्ये विद्यार्थ्यांचं एक नवं वसतिगृह उघडलं, त्याचं नाव ब्लॅकवेल हॉल. रोज त्यावरून जातो. आत राहणाऱ्या मुलांना नाव कोणाचं ते माहीत असेलच असं नाही, पण ज्या गावात १९४२ साली विभागप्रमुखांच्या घरात त्यांना जेवायला घ्यायची तयारी नव्हती तिथे त्यांच्या नावाच्या इमारतीत मुलं राहतात, जेवतात.

८ जुलै २०१० ला ते इथेच गेले, ९१ व्या वर्षी. राष्ट्रीय विज्ञान पदक ओबामांच्या हातून मिळालं ते २०१४ मध्ये, मरणोत्तर.

मी अर्थशास्त्रवाला. आमच्याकडे त्यांचं नाव राव-ब्लॅकवेलसाठी घेतच नाहीत. १९५१ आणि १९५३ मध्ये त्यांनी प्रयोगांच्या तुलनेवर लिहिलं, तेच आमचं दैवत. प्रश्न असा की माहितीचे दोन स्रोत आहेत, त्यातला सरस कोणता? म्हणजे तुमच्यासाठी सरस, माझ्यासाठी सरस असं नाही. निर्णय कोणीही घेवो, कसलाही असो, पहिला स्रोत दुसऱ्यापेक्षा कमी पडणारच नाही, असं कधी म्हणता येईल? उत्तर: पहिल्यात भेसळ करून, त्यात निव्वळ खडखड मिसळून दुसरा बनवता येत असेल तेव्हा, आणि फक्त तेव्हाच. दुधात पाणी घातलं की झालेलं दूध कोणासाठीच आधीपेक्षा चांगलं नाही. हे सोपं. पण उलट बाजूही खरी आहे: जे सगळ्यांसाठी कमी दर्जाचं ठरतं ते भेसळीचंच असतं. ही बाजू सिद्ध करायला ब्लॅकवेल लागले.

रातकिडा

इथे मात्र हात टेकले. ही उलटी बाजू मला आत्ता अर्धा तास छळतेय.

चिकूचं झाड

छळू दे. १९६२ चा एक निकाल देतो, तो या धाग्यासाठीच केलेला दिसतो. ब्लॅकवेल आणि लेस्टर डुबिन्स यांनी दाखवलं की दोन माणसांची मतं सुरुवातीला कितीही वेगळी असोत, दोघांना तीच माहिती मिळत गेली तर पुढचे त्यांचे अंदाज हळूहळू एक होत जातात. अट एकच: एकाला जे शक्य वाटतं ते दुसऱ्याने मुळातच अशक्य मानलेलं नसावं.

ताकभात

मग राजकारणाच्या धाग्यांवर का होत नाही हे कळलं. अट वाचत नाहीत लोक.

पाटीपेन्सिल

शेवटचं एक सांगून थांबते. मुलाखतीत त्यांनी म्हटलंय की संशोधनात मला रस नाही, कधीच नव्हता. मला समजून घेण्यात रस आहे, आणि ती अगदी वेगळी गोष्ट आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, मोठी माणसं बोलतात तसला विनय. आता तसं वाटत नाही. त्यांच्या कामाची यादी बघा: मार्कोव्ह साखळ्या, अंदाजशास्त्र, द्वंद्वयुद्ध, माहितीची तुलना, डायनॅमिक प्रोग्रॅमिंग (टप्प्याटप्प्याने घ्यायच्या निर्णयांचं गणित), एका पेपरात तर चेंडूंनी भरलेला मडक्यासारखा कलश. एका शेतात ठाण मांडलेला माणूस अशी यादी करत नाही. कोणी काहीतरी सांगतं, ते पटत नाही, म्हणून घरी जाऊन मांडून बघतो. कधी चुकतो, गिर्शिकला पाठवलेल्या उदाहरणासारखा. निवृत्त झाले १९८८ मध्ये, आठ मुलांचा संसार करून.

ताकभात

ते वाल्डचं समीकरण राहिलं. त्यांना का पटलं नाही?

चिकूचं झाड

फासा घ्या. सहा पडेपर्यंत टाकत राहा, पडलेल्या आकड्यांची बेरीज करा. बेरीज सरासरी किती येईल? वाल्ड म्हणतात, टाकण्याची सरासरी संख्या ६, एका फेकीची सरासरी ३.५, गुणा: २१.

ताकभात

पण काका, शेवटची फेक सहाच असणार, हे तर ठरलेलंच आहे. मग बेरीज जास्त यायला नको का? मला पण पटत नाहीये. मी ब्लॅकवेल आहे का?

चिकूचं झाड

त्या वाटेवर आहात. शेवटची सहाच, कबूल. पण मग तिच्या आधीच्या एकाही फेकीत सहा नाही! त्यांची सरासरी १ ते ५ ची, म्हणजे ३. अशा सरासरी ५ फेका, झाले १५. वरचे ६. किती झाले?

ताकभात

२१. च्यायला.

तरीपण मुलाच्या सापशिडीतला फासा आणलाय. दहा वेळा केलं, सरासरी १७ येतेय.

चिकूचं झाड

टाकत राहा.